साहेबानं दिलेला कातडी कोट

सोलापुरात कातडी कोट घालून फिरणारा माणूस एक तर वेडा असणार, नाही तर माझे वडील. आमच्याकडे आठ महिने उन्हाळा असतो आणि उरलेले चार महिने तो परत कधी येतोय याची धास्ती. अशा गावात अण्णा दर वर्षी मार्गशीर्ष लागला की लोखंडी ट्रंकेतून तो कोट काढत आणि रथसप्तमीपर्यंत रोज संध्याकाळी अंगात चढवून चाळीच्या तोंडापर्यंत फेरी मारत. जाताना ऐटीत, परत येताना घामानं डबडबलेले. आई दारात तांब्या घेऊन उभीच असे. "झाली का लढाई?" असं विचारून ती पाणी द्यायची.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली, मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची. अण्णा मिलमध्ये साळखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या साच्यांवर. तरुणपणी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, ते दुसऱ्या महायुद्धात भरती होऊन इटलीपर्यंत जाऊन आले होते. आले ते हा कोट घेऊन. आमच्या चाळीत रेडिओ तीन घरांत होते, सायकली दहा-बारा, पण लढाईतला कोट एकट्या आमच्या घरात. त्यामुळे आमचा रुबाब काय विचारता!

आणि कोट होताच तसा, उगीच नाही कशाला म्हणायचं. गडद तपकिरी घोड्याचं कातडं, गुडघ्याच्या वर चार बोटं लांबी, पुढे बटणांच्या दोन रांगा. बटणंसुद्धा कातड्याच्या बारीक पट्ट्या एकमेकींत गुंतवून विणलेली. आतून राखाडी लष्करी कांबळ्याचं अस्तर, आणि कॉलरच्या खाली ते कांबळं दुहेरी घातलेलं, मानेला वारा लागू नये म्हणून. दोन्ही बगलांत पतंगाच्या आकाराचा एकेक तुकडा बसवलेला होता, त्यामुळे हात कितीही वर केला तरी कोट वर चढायचा नाही. टाके तर असे की बघत राहावं. लहानपणी मी शाळेतली पट्टी लावून मोजले होते. इंचाला नऊ. खालपासून वरपर्यंत कुठंही मोजा, नऊ म्हणजे नऊ.

हा कोट अण्णांना कसा मिळाला, ते सगळ्या चाळीला पाठ होतं. लढाई चालू असताना एका बड्या, सहा फुटी गोऱ्या साहेबाची मोटारसायकल घसरून नाल्यात पडली. वरून तोफगोळे. अण्णांनी उडी घेतली, साहेबाला खांद्यावर टाकून बाहेर काढलं, आणि साहेबानं अंगातला कोट उतरवून तिथंच अण्णांच्या अंगावर घातला. मी चौथीत असताना तो नाला होता. सातवीत गेले तेव्हा त्याचा ओढा झाला. मॅट्रिक होईपर्यंत नदी झाली होती आणि तिला पूर आला होता. बारशाला गेले, लग्नाला गेले, मयताहून परतताना चहाला थांबले, अण्णा ही गोष्ट सांगायचेच. आम्हालाही कधी कंटाळा आला नाही. सांगणारा असा रंगायचा की आपणच काठावर उभं राहून बघतोय असं वाटायचं.

घरात आईचे नियम कडक होते. गळ्यात माळ, आणि कातड्याची वस्तू उंबऱ्याच्या आत चालायची नाही. चपला बाहेर, माझ्या कॉलेजच्या पर्सचा पट्टा रेक्झिनचा आहे अशी मी शपथ घेतल्यावरच ती पर्स आत आली. भावाच्या कमरेचा पट्टासुद्धा पडवीतल्या खुंटीवर. फक्त या कोटाला आत जागा होती. "साहेबानं अंगावरचं काढून दिलेलं हाय, मान हाय त्यो," असं आई म्हणायची. अण्णा वर्षातून एकदा मेण आणि करडईचं तेल वितळवून कोटाला चोळायचे, त्यासाठी एक पितळी वाटी वेगळी होती, आणि ती वाटी चुकून स्वयंपाकघरात शिरली तर आई अख्खं घर डोक्यावर घ्यायची.

तर त्या वर्षी संक्रांत झाली, गड्ड्याची जत्रा भरली, आणि आमच्या चाळीतल्या तरुण मंडळाच्या डोक्यात आलं की सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर अण्णांचा सत्कार करायचा. शाल, श्रीफळ, आणि अण्णांनी कोट घालून स्टेजवर ती नदीची गोष्ट सांगायची. पोरांनी नुसतं ठरवलं नाही, प्रमुख पाहुणेही गाठले. सांगोल्याकडचे एक निवृत्त सुभेदार, त्याच लढाईत, त्याच इटलीत प्रत्यक्ष बंदूक चालवून आलेले. "दोन वीर एका स्टेजवर!" असं फलकावर लिहूनसुद्धा झालं.

त्या दिवसापासून अण्णांचं जेवण कमी झालं. भाकरी अर्धी ठेवून उठायला लागले. कोट घालून फेरी मारणंही बंद. आई म्हणाली, पोट बिघडलं असेल. मला वाटलं, आनंदानं बावरलेत. आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच झालं, कारण मला तो कोट हवा होता.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी इन्स्पेक्टरचं काम करत होते. मुलींचंच नाटक, तेव्हा इन्स्पेक्टरही मुलगीच. कोट नसलेला इन्स्पेक्टर म्हणजे काय, शिपाई! अण्णा दुसऱ्या पाळीला गेले तशी मी ट्रंक उघडली, कोट चादरीत गुंडाळला आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून नेला. नाटक झकास चाललं. शेवटी चोराला पकडायला मी खुर्चीवर चढून झेप घेते असा प्रसंग होता. झेप घेतली, खुर्ची सरकली, मी पडदा धरला, पडद्यासकट खाली. टाळ्यांचा कडकडाट, लोकांना वाटलं नाटकातलंच आहे. माझ्या कानात मात्र टाळ्यांच्या आधीचा एक आवाज घुमत होता. चर्रर्र! उजव्या बगलेची शिवण वीतभर उसवली होती आणि आतलं कांबळं बाहेर आलं होतं.

मेले, असं मी म्हटलं. अगदी मोठ्यानं म्हटलं. सत्काराला सात दिवस राहिले होते. फाटक्या बगलेचा कोट घालून अण्णा स्टेजवर उभे राहतील आणि शाल घ्यायला हात वर करतील, ते चित्र डोळ्यांपुढून हलेना. तीस वर्षं जपलेली वस्तू, आणि मी कुणाला न विचारता खुर्चीवरून उडी मारायला घातली. मला माझाच इतका राग आला की त्या रात्री मी जेवले नाही. आईनं विचारलं तर म्हटलं, पोट बिघडलंय. आई म्हणाली, "या घरात एकाएकी सगळ्यांचीच पोटं कशी बिघडायला लागली?"

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी स्टेशनजवळच्या टांगा स्टँडला गेले. तिथं एक चाचा टांग्याच्या घोड्यांचा साज शिवायचे. लगाम, पट्टे, खोगिरं. साध्या चांभाराकडे जायची मला भीती वाटत होती. घोड्याचं कातडं घोड्याच्या साजवाल्यालाच कळणार, असा माझा हिशेब. चाचा पाटावर बसलेले, दोन गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून पट्टा शिवत होते. मी चादर सोडली आणि त्यांनी हातातला पट्टा खालीच ठेवला.

"या अल्ला," ते म्हणाले. "ही चीज कुठली, बेटी?"

मी नदीची गोष्ट सांगितली, थोडक्यात. चाचा ऐकत नव्हतेच. ते कोट उलटा करून, सुलटा करून, नाकाशी नेऊन बघत होते. शिवणीवरून बोट असं फिरवत होते की मलाच लाजल्यासारखं झालं. मग त्यांनी मला शेजारी बसवून दाखवलं. पाठीला घोड्याच्या पाठीचं कातडं घातलंय, कारण ते ताणत नाही. खिशाच्या झाकणाला पोटाचं, कारण तिथं ताण येत नाही. शिवण यंत्राची नाही, हातची. एकच धागा, दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून दोन बाजूंनी. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही.

"मग हा सुटला कसा?" मी विचारलं.

चाचांनी बगल उजेडाकडे केली आणि एकदम हसायला लागले. असे हसले की टांग्याचं घोडं मान वळवून बघायला लागलं.

"हे बघ. धागा संपला तिथं त्यानं गाठ मारली. चामडंवाला गाठ मारत न्हाई बेटी, कधीच न्हाई. दोन टाके उलटे घेतो आणि धागा कापतो. गाठ आतून चामडं खाते. तिथंच फाटलं. बाकी हात उस्तादाचा, पण हा माणूस चामडंवाला न्हाई." मग त्यांनी नखानं ती गाठ माझ्या पुढे केली. "आणि ही गाठ कोण मारतं? माझ्या सासुरवाडीला सगळे हातमागवाले, कापड विणणारे. सगळे हीच मारतात."

मी गाठ बघितली. बारीक, चपटी, मोहरीपेक्षा लहान. अहो, ही गाठ मला कोण दाखवणार! साच्यावरचा धागा तुटला की दोन टोकं जोडायला मारतात ती ही गाठ. मिलवाल्यांची बोटं ती न बघता मारतात. आमच्या घरात पोरांना ही आधी येते आणि अ आ इ नंतर. अण्णा माझ्या परकराच्या नाडीलासुद्धा तीच मारायचे.

मी चाचांकडे बघितलं, चाचांनी माझ्याकडे. "साहेब लई उंच होता का?" त्यांनी विचारलं.

"सहा फूट," मी म्हणाले.

"आणि तुझे अब्बा?"

अण्णा पाच फूट तीन इंच. आणि कोट त्यांना मापात बसायचा. बाही मनगटावर बरोब्बर, खांदा खांद्यावर. सहा फुटी साहेबाचा कोट अण्णांना असा कसा बसतो, हा साधा प्रश्न तीस वर्षांत चाळीतल्या एकाही शहाण्याला पडला नव्हता. त्यात मीही आलेच, बी.ए.ला बसलेली.

चाचांनी शिवायला साफ नकार दिला. "मी शिवीन, पण माझा टाका वेगळा दिसणार. ज्यानं केलं त्याला दे," म्हणाले, आणि भोकं पाडायची एक आरी, दोन सुया आणि मेण लावलेल्या धाग्याची गुंडी माझ्या हातात ठेवली. "काम झालं की आणून दे. आणि तुझ्या अब्बांना सांग, गाठ नक्को."

सायकल चालवताना माझं डोकं तापून लाल झालं होतं. तीस वर्षं! नाला, ओढा, नदी, पूर! मैत्रिणींना, शेजाऱ्यांना, नाटकातल्या मुलींना मी छाती फुगवून सांगितलेलं सगळं खोटं. घरी पोचले तर आई शेजारच्या तेलुगू काकूंकडे पापड लाटायला गेलेली आणि अण्णा एकटेच खाटेवर बसलेले. मी कोट त्यांच्या मांडीवर टाकला. टाकला म्हणजे आपटलाच.

"मी फाडला," मी म्हणाले. "न विचारता नेला, नाटकात घातला, फाडला. माझी चूक. आता तुम्ही सांगा, हा कोट कुणी शिवला?"

"साहेबाच्या शिंप्यानं शिवला असंल की."

"साहेबाचा शिंपी सोलापूरच्या मिलमध्ये होता काय?" मी बगल उघडून गाठ त्यांच्यापुढे धरली.

अण्णांनी गाठीकडे बघितलं. मला वाटलं, चिडतील, नाही तर नवी गोष्ट रचतील, त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्यांनी गाठीवरून नख फिरवलं. मग म्हणाले, "सुटली व्हय. त्यो म्हातारा सांगत हुता मला, गाठ मारू नको म्हणून."

आणि मग त्यांनी सांगितलं. भरतीच्या वेळी साहेबानं विचारलं, काय काम करतोस? अण्णा म्हणाले, कापड मिलमध्ये. साहेब म्हणाला, म्हणजे शिवणकाम येत असेल. विणणं वेगळं आणि शिवणं वेगळं हे त्याला सांगणार कोण? टाकलं दुरुस्ती डेपोत. तिथं लढाईवरून आलेली खोगिरं, बूट, पट्टे आणि कोट यायचे, फाटलेले, चिखलानं भरलेले. ते शिवून परत पाठवायचे. एक इटालियन म्हातारा शिकवायला होता, आधीचा खोगीरवाला. त्याला यांची भाषा येत नव्हती, यांना त्याची. चुकलं की तो आरीचा दांडा बोटांवर हाणायचा आणि जमलं की पाठीवर थाप मारायचा. तीन वर्षं अण्णांनी बंदुकीला हात लावला नाही. तोफा ऐकू यायच्या, पण लांबून, गड्ड्यातलं शोभेचं दारूकाम घरी ऐकू येतं तशा. निघायच्या आधी दुरुस्तीपलीकडे गेलेल्या तीन कोटांतून त्यांनी हा एक शिवला. बटणं त्या म्हाताऱ्यानं करून दिली.

"मग हे सांगायला काय झालं होतं?" मी ओरडले.

"तुझी आजी स्टेशनावर आली हुती, सगळी गल्ली घेऊन, हार घेऊन. म्हणाली, काय केलंस रं तिकडं? आता तिला काय सांगू, तीन वर्सं कातडं शिवलं? तिनं मला स्टेशनावरच अंघोळ घातली असती. पंगतीला शेजारी कुनी बसलं नसतं. तोंडातनं निघून गेलं, साहेबाला वाचवलं. एकदा निघालं ते निघालं."

माझा राग होता तेवढाच राहिला, पण त्याचं तोंड फिरलं. लाज वाटायला हवी होती त्या गल्लीला. इतकं देखणं काम करून आलेल्या माणसाला ते लपवायला नदी काढावी लागली, पूर आणावा लागला! मला अण्णांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. आमच्याकडे तशी पद्धत नव्हती, म्हणून मी त्यांच्या पुढ्यात आरी आणि सुया ठेवल्या.

"आणि आता सुभेदार येणार," अण्णा हळूच म्हणाले. "खरा लढलेला मानूस. कुठल्या टेकडीवर हुता, असं इचारलं की संपलं. सगळ्या चाळीदेखत. मला त्या दिवशी ताप येऊ दे, बाई. तू सांग सगळ्यांना, ताप आलाय."

तेव्हा मला कळलं की अण्णांची अर्धी भाकरी कुठं अडकत होती. "ताप बीप काही नाही," मी म्हणाले. "आधी शिवा. मग बघू."

अण्णांनी आरी हातात घेतली. तीस वर्षांनी घेतली, पण बोटांना आठवण होती. गुडघ्यांत कोट दाबून त्यांनी जुना धागा उपसला, भोकं साफ केली, दोन सुया ओवल्या. एक सुई इकडून, एक तिकडून, आणि दोन्ही हात बाजूला ओढून टाका आवळायचा. हात असे चालत होते, जणू कुणी मागून ताल देत होतं. घामेजलेला, ऐट करणारा, गोष्टी रचणारा माझा बाप मी बावीस वर्षं बघत होते, पण हा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. धागा संपत आला आणि त्यांच्या बोटांनी आपोआप गाठ मारली. दोघांनी एकदमच बघितली आणि दोघंही फिस्सकन हसलो. "मेल्या बोटांना वळणच तसं," म्हणत त्यांनी ती सोडवली आणि दोन टाके उलटे घेतले.

हसण्याच्या नादात आई दारात येऊन उभी राहिलेली कळलंच नाही. हाताला उडदाचं पीठ. समोर नवऱ्याच्या मांडीवर कातडं, हातात आरी, आणि तेही देवाच्या फळीखाली. अण्णांनी कोट लपवायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यांत दाबलेला कोट लपणार कुठं?

आईनं पिठाच्या हातानंच दाराचं दुसरं कवाड ढकलून उघडलं. मग म्हणाली, "उजेडात बसा की. डोळं फुटतील."

"तुला..." अण्णा म्हणाले.

"तुमी परत आला तवा तुमच्या बोटांना भोकं हुती. बंदुकीनं भोकं पडत्यात व्हय बोटांना? सासूबाई हुत्या, म्हणून गप बसले. नंतर म्हटलं, मानूस एवढं रंगून सांगतंय, सांगू दे." आणि ती हात धुवायला आत गेली. आतूनच ओरडली, "पर त्या नदीला पूर आणायची काय गरज हुती?"

सव्वीस जानेवारीला चाळीच्या चौकात पताका लागल्या. झेंडा झाला, लाडू वाटले. सुभेदार उंचेपुरे, पांढऱ्या मिश्या, डोक्याला पटका, छातीवर बिल्ले. अण्णा कोट घालून त्यांच्या शेजारी बसले होते आणि सकाळी दहालाच त्यांच्या कानशिलावरून धार लागली होती. ते काय बोलणार आहेत, ते मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले होते, "तितं उभा राहिल्यावर बघू." म्हणजे नदीसुद्धा येऊ शकत होती. मी पहिल्या रांगेत आईचा हात घट्ट धरून बसले.

शाल झाली, नारळ झाला. पोरांनी ओरडा केला, "अण्णा, गोष्ट! अण्णा, नदी!" अण्णा उठले. माईकपुढे उभे राहिले, खाकरले. पाहुण्यांकडे एकदा बघितलं. मग त्यांनी कोट काढला, उलटा केला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हा साहेबानं दिला न्हाई," ते म्हणाले. "मी शिवलाय. मी लढलो न्हाई. तीन वर्सं डेपोत बसून फाटकी कातडी शिवत हुतो. इतकी वर्सं तुमाला खोटं सांगितलं. नदी बी खोटी."

मागे कुणाचं तरी पोर रडायला लागलं, त्याला कुणी तरी गप्प केलं. शेवटच्या रांगेतून एक जण हसला, आणि मी मागे वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो खोकायला लागला. अण्णा कोट वर धरूनच उभे होते. आता हात खाली कसा घ्यायचा, हेच त्यांना कळत नव्हतं.

सुभेदार खुर्चीतून उठले. सावकाश चालत आले, अण्णांच्या हातातला कोट घेतला. कॉलरखालचं दुहेरी कांबळं चाचपून बघितलं. बगलेत हात घातला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. त्यांना माईकवर बोलायची सवय नव्हती, पण आवाजच असा की गरज पडली नाही.

"मी डोंगरात हुतो," ते म्हणाले. "गुडग्याएवडं बरफ. माज्या कोटाची बगल उसवली. वारं आत शिरायचं, हात वर व्हईना, बंदूक उचलंना. मागं डेपोत पाटवला. आटवड्यानं आला. आतनं कांबळ्याचा तुकडा लावल्याला आन टाकं असं, दातानं तुटंनात. त्या कोटावर मी दोन हिवाळं काडलं."

"तो मी नसंन," अण्णा घाईघाईनं म्हणाले. आता त्यांना एक थेंबही खोटं नको होतं. "तितं लई जण हुते शिवणारे."

"नसाल की," सुभेदार म्हणाले. "पन ज्यानं शिवला त्येला सांगायचं राहूनच ग्येलं. त्येचं नाव बी मला ठावं न्हाई, गाव बी ठावं न्हाई. कुटं हुडकू? म्हून आज तुमाला सांगतो. तुमच्यामुळं मी हितं उबा हाय."

आणि त्यांनी टाचा जुळवून अण्णांना सॅल्यूट केला. पाच फूट तीन इंचाच्या, घामानं निथळणाऱ्या, साळखात्यातल्या माझ्या बापाला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबायचं नावच घेईनात. मी ओक्साबोक्शी रडत होते. आईच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं ते पुसलं नाही. पदराचं टोक माझ्या हातात कोंबत ती म्हणाली, "आगं, नाक पूस आधी. फोटो काढायला लागल्यात."